वाढलंय गं, पाव्हणे

या ग्रुपवर मी दोन वर्षं आहे. तुमचे भुताखेतांचे अनुभव वाचायचे आणि खाली दात काढणारा पिवळा चेहरा चिकटवायचा, एवढंच माझं योगदान. ज्यांच्या ज्यांच्या हडळीला मी हसलो त्यांनी आज मनसोक्त परतफेड करावी... माझी ना नाही.

भुताखेतांवर विश्वास नसायला माझ्याकडे धंद्याचं कारण होतं. मी साउंडवाला. जामखेड तालुक्यात हळद, लग्न, प्रचार, वाढदिवस – जिथे भोंगा लागतो तिथे मी. एका वर्षी गणपतीत मंडळानं भुताच्या गुहेचा देखावा केला होता, त्यातल्या हडळीचा आवाज माझाच. रिकाम्या माठात तोंड घालून केकाटलो आणि वरून भरपूर इको सोडला. एका पाहुण्याला आतच चक्कर आली. तर ज्या माणसाला स्वतः हडळ होण्याचा अनुभव आहे, तो दुसऱ्याच्या हडळीला काय भिणार? कुठलाही आवाज ऐकला की तो कशातून आला, किती लांबून आला आणि त्यात कुणी काय मिसळलंय हे मला कळतं. निदान कळायचं...

जागा नीट सांगतो. आमचं गाव जामखेडपासून गाडीवर अर्ध्या तासावर. नाव लिहीत नाही, कारण लिहिलं की रविवारी मोबाईल घेऊन बघे येतील आणि आत्या त्यांना काय बोलेल ते ग्रुपच्या नियमात बसणार नाही. गावाच्या उत्तरेला माळ – कुसळी गवत, तरवड, मध्येच एखादी बोर. दक्षिणेला आमची शेतं. आणि या दोघांच्या मधून नवा सिमेंटचा रस्ता. पूर्वी तिथं गाडीवाट होती. आता वाहनं अशी सुटतात की आमची म्हातारी माणसं रस्ता ओलांडायला एखाद्या वरातीची वाट बघतात.

माळाच्या कडेला गोदाआत्याचं घर. माझ्या वडिलांची ही थोरली बहीण. तिचे यजमान, म्हणजे आमचे मामा, वारल्यावर माहेरी आली ती शेळ्या हाकतच. तोंडानं फटकळ. गावातल्या माझ्या साउंडच्या दुकानाच्या बोर्डावर माझं नाव चांगलं मोठ्या अक्षरात आहे, पण तिच्या लेखी मी बाळ्या. शेळ्यांचं आटलेलं दूध, स्वतःचे गुडघे आणि माझे विरळ झालेले केस, या तिन्हींना मोबाईलचा टॉवर जबाबदार आहे असं तिचं ठाम मत. त्यामुळे तिच्या बाकीच्या मतांनाही मी त्याच रांगेत उभं करायचो. चूक तिथूनच सुरू झाली.

तिची एक रीत होती. माळाच्या आत, ओघळीच्या अलीकडे एक सपाट दगड आहे. जेवायला बसायच्या पाटासारखा, म्हणून पाटाचा दगड. एखादं करडू मेलेलं निपजलं, कुणाची मेंढी दगावली, की आत्या ते पाटीत घालून तिकडे न्यायची. दगडावर ठेवायची, चार पावलं मागे यायची आणि तोंडाशी हात धरून हाक मारायची –

"वाढलंय गंऽऽ... पाव्हणेऽऽ..."

शेतात भाकरी वाढून झाली की आमच्याकडच्या बाया बांधावरून घरधन्याला मारतात, तशीच हाक. मारली की मागे न बघता घरी.

ही पाव्हणी म्हणजे लांडग्याची मादी. माळावर तेवढीच उरली होती, किंवा तेवढीच दिसत होती. तिचं नाव घ्यायचं नाही, लांडगी म्हणायचं नाही. पाव्हणीच.

मी आत्याला चिडवायचो. एकदा विचारलं, ही तुझी पाव्हणी तुझ्या शेळ्या सोडते का? आत्या म्हणाली, दोन नेल्या की. आणि खरंच, त्या दोन शेळ्या गेल्या तेव्हा आठवडाभर तिनं पाव्हणीच्या सात पिढ्या उद्धरल्या होत्या, गावानं ऐकलं होतं. मग एवढे लाड कशाला, म्हटलं.

"ती हाय म्हनून माळ ताळ्यावर हाय," आत्या म्हणाली. "डुकराची पिल्लं, ससं, मेलेलं, कुजलेलं, समदं तीच बघती. गावाला पोलीस पाटील असतो, तशी माळाला ती."

मी म्हटलं, आमच्या गावात पोलीस पाटलाला कोण भितं?

"म्हनून तर गावाची ही गत हाय."

आणखी एक गोष्ट ती त्या दिवशी बोलली. मी मस्करीत तिची हाक मारून दाखवली, अगदी तिच्यासारखी. तिनं माझ्या पाठीत काठी घातली. हलकीच, पण घातली. "आदी वाढायचं, मंग बोलवायचं. रिकाम्या ताटावर पाव्हण्याला बसवत्यात व्हय?" मी पाठ चोळत हसलो. हे वाक्य ध्यानात असू द्या. माझ्या राहिलं नाही.

आता डुकरांकडे येतो. रानडुकरं आमच्याकडे आधीपासून होती, पण अलीकडे फार माजली. त्यावर माझ्या दुकानात एक इलाज मिळायचा – राखणीचा भोंगा. एक बॅटरी, एक छोटा भोंगा, एक पेन ड्राइव्ह. त्यात रात्रभर एकच आवाज वाजत राहतो: "हाऽऽड... हुर्रर्र... धरा रे, धरा..." हा आवाजही माझाच. पहिल्या वर्षी डुकरं पळाली. दुसऱ्या वर्षी थांबून ऐकायला लागली. तिसऱ्या वर्षी माझ्या शेजारच्या रानातल्या पोपटनानांना त्यांच्या मक्यात एक डुकरीण पिल्लांसकट बरोबर भोंग्याखाली झोपलेली सापडली. नाना दुकानात आले, चहा घेतला आणि चारचौघांत म्हणाले, "बाळासाहेब, तुमच्या आवाजात अंगाईचा गुण हाय. घरी नातवाला एक भोंगा द्या."

गाव महिनाभर हसत होतं. अशात माझी स्वतःची ज्वारी हुरड्याला आली. रोज सकाळी एक वाफा आडवा. डुकरं खातात थोडं, लोळवतात जास्त. बायको, सविता, बांधावर उभी राहून नुसती बघायची. बोलायची नाही, आणि तिचं न बोलणं माझ्या मोठ्या बॉक्सपेक्षा जोरात वाजतं.

तेव्हा मला ती कल्पना सुचली. डुकरं कुणाला भितात? पाव्हणीला. पाव्हणी कुणाचं ऐकते? आत्याचं. आत्याची हाक माझ्या रानात वाजली तर पाव्हणी माझ्या रानात येईल, तिचा वास बांधाला लागेल, एखादं पिल्लू उचलेल, आणि डुकरं तोंड काळं करतील. इतकं सोपं. मी सविताला सांगितलं तर ती म्हणाली, आत्यांना विचारलंत का? मी म्हटलं, आत्याला काय विचारायचं, तिच्या मते पेन ड्राइव्हनं शेळ्या गाभडतात.

एका दुपारी आत्याचं एक करडू गेल्याचं कळलं. ती निघायच्या आधी मी पाटाच्या दगडाजवळ जाऊन तरवडाच्या झुडपामागे आडवा झालो. मोबाईल तयार. झोपलो ते नेमका मुंग्यांच्या वारुळावर, ही कारागिरी माझीच. आत्या आली, करडू ठेवलं, हाक मारली आणि गेली. मी ओठ चावत पडून राहिलो.

मग ती आली.

मला वाटलं होतं काहीतरी थोराड, लाल डोळ्यांचं निघेल. निघाली ती सडपातळ, वाळल्या गवताच्या रंगाची, लांब पायांची. गवतच उठून चालायला लागावं तशी. एक कान फाटका. खाली आचळं भरून लोंबत होती. दगडाशी येऊन तिनं आधी चारी बाजूंना पाहिलं. तरवडाकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मुंग्या मला कुठे कुठे चावत होत्या ते सांगता येणार नाही, पण मी हललो नाही. तिनं चार घास खाल्ले, बाकीचं तोंडात उचललं आणि ओघळीकडे गेली. तिला पिल्लं आहेत हे मला त्याच वेळी कळलं होतं. कळलं, आणि मी मोबाईलमध्ये आवाज नीट आलाय का ते बघत बसलो.

त्या संध्याकाळी माळावरून तिचा आवाज ऐकू आला. लांब, वर चढत जाणारा, आणि मध्येच फाटणारा. आतला कागदी कोन फाटलेला स्पीकर जसा ठरावीक सुरावर चिरकतो, तसा. नंतर पुन्हा दोनदा ऐकला. दोन्ही वेळा त्याच ठिकाणी फाटला. असा आवाज माझ्यासारखा माणूस विसरत नाही.

दुकानातल्या कॉम्प्युटरवर मी हाक साफ केली. वारा काढला, आत्याच्या चपलेचा आवाज काढला. हाकेच्या पुढे शांतता टाकली आणि पुन्हा हाक, असं फिरतं ठेवलं. या शांततेबद्दल जरा समजून घ्या. ती माळावरची नव्हती. माळावरच्या शांततेत किडे असतात, गवत असतं. ही कॉम्प्युटरनं बनवलेली, आत काही म्हणजे काहीच नसलेली. आवाज असला की पडद्यावरची रेघ वरखाली होते; हिची सरळ, आखल्यासारखी सपाट.

दिवस मावळताना भोंगा लावला आणि मी घरी येऊन झोपलो. सकाळी ज्वारी उभी. बांधावर पंजे उमटलेले. दुसऱ्या दिवशी तेच. डुकरं गायब. मी चहाच्या हॉटेलात असा बसायला लागलो जसा काही मी एकट्यानं डुकरांची जात संपवली. पोपटनाना स्वतः आले आणि म्हणाले, बाळासाहेब, ती फाइल तेवढी पाठवा. मी पाठवली. मग त्यांच्या पुतण्याला पाठवली, वरच्या मळ्यात पाठवली. प्रसाद वाटावा तशी मोबाईलवरून वाटली. बघता बघता रस्त्याच्या अलीकडे जागोजाग आत्या हाका मारायला लागली. वाढलंय गं, वाढलंय गं, वाढलंय गं... आणि वाढलेलं कुठेच काही नव्हतं.

ज्या संध्याकाळी आत्या दुकानात आली ती मला लख्ख आठवते. ती कधी दुकानात येत नाही, बोर्डवरच्या लाइटनं डोळे जातात म्हणून. आत आली, स्टुलावर बसली. चेहरा उतरलेला.

"बाळ्या, मी मेले का काय रं?"

मी म्हटलं, का गं?

"मी घरात बसलेली, आन् माजा आवाज चौकडनं येतोय."

मी हसलो. खरं सांगतो, पोट धरून हसलो. मग तिला सगळं सांगितलं, कौतुकानं, मोबाईलवर वाजवूनसुद्धा दाखवलं. तिनं ऐकलं. शिवी दिली नाही, तिथंच मी ओळखायला हवं होतं. फक्त म्हणाली, बंद कर, आज कर. मी म्हटलं, उद्या दुपारी रानात हुरडा पार्टी आहे, दोन-चार लोक फाइल ऐकायला येणार आहेत. ती झाली की करतो.

उद्या उजाडायच्या आत झालं. सकाळी दूध घालायला निघालेल्या नानांचा फोन आला – रस्त्यावर या. नेहमीची चेष्टा आवाजात नव्हती.

ती सिमेंटच्या रस्त्याच्या कडेला पडली होती. कोणत्या गाडीनं, कुणाला माहीत. अंगावर फारसं काही दिसत नव्हतं. फाटका कान वर होता. तिचं तोंड माळाकडे होतं, आणि मला अजून त्याचाच त्रास होतो. शेताकडे येताना नव्हे... ती येऊन गेली होती. हाक ऐकून आली, एका बांधावर बघितलं, दुसऱ्या बांधावर बघितलं, आणि काही न मिळता पिल्लांकडे परत निघाली होती.

लोक जमले. कुणी बिबट्या म्हणून स्टेटस टाकलं. कुणी पायानं शेपूट हलवून पाहिली. गर्दीतून आत्या आली, तशी वाट झाली. ती गुडघे धरत खाली बसली, तिनं खपाटीला गेलेल्या पोटावर हात ठेवला. मग वर न बघता विचारलं,

"बाळ्या, पान वाढलं हुतंस का?"

तिथे जमलेल्यांपैकी कुणाला काही कळलं नाही. नाना म्हणाले, आत्याबाईंच्या डोक्यावर परिणाम झाला वाटतं. मला कळलं होतं. 

वनखात्याची माणसं आली, तिला घेऊन गेली. आम्ही त्यांच्याबरोबर ओघळ पालथी घातली. एक बीळ सापडलं. आत केस होते, हाडं होती, बाहेर बारक्या पंजांचे ठसे होते. पिल्लं नव्हती. त्यांच्यातला एकजण म्हणाला, नर असेल तर कधी कधी तो हलवतो पिल्लं. त्या 'कधी कधी'ला धरून मी अजून झोपतो.

मी घरोघर, रानोरान जाऊन फाइल पुसली. लोकांना वाटलं, मला एकट्यालाच धंदा करायचाय. माझ्याकडची पुसायला गेलो तर हात चालेना. आवाज आत्याचा होता.

पुढचे दिवस सांगण्यासारखे नाहीत, तरी सांगतो. डुकरांना बातमी लागायला वेळ लागला नाही. माझी ज्वारी त्यांनीच काढली, मी मागून कडबा गोळा केला. माळावर कुणाची मेंढी मेली की तशीच सडायची, वारा फिरला की गावभर वास. मग त्या वासावर मोकाट कुत्री जमली, टोळीनं फिरायला लागली. त्यांना ना हाक कळत होती ना रीत. त्यांनी आत्याच्या गोठ्याशी दिवसाढवळ्या दोन करडं फाडली, आणि खाल्लीसुद्धा नाहीत. नुसती फाडून टाकली. आत्या मला एवढंच म्हणाली की पाव्हणी नेत होती ते भुकेपुरतं.

आता जे सांगण्यासाठी लिहायला बसलो ते.

एका सकाळी आत्या पुन्हा दुकानात आली. बोर्डाचा लाइट मी तिच्यासाठी काढून टाकला होता. ती उभ्यानंच म्हणाली की रात्री एक करडू मेलेलं निपजलं, सवयीनं नेऊन दगडावर ठेवलं. मग हाक मारायला तोंड उघडलं तर हाकच येईना. आवाज गेला नव्हता, मला शिव्या घालायला तो शाबूत होता. फक्त ती हाक कशी मारायची तेच तिच्या घशाला आठवेना.

मी म्हटलं, आत्या, आता कुणासाठी हाक मारायची?

"पिल्लं असत्याल. न्हाईतर नसत्याल. मी वाढून आलेय, ताट उघडं पडलंय. तुजा त्यो भोंगा आन."

दुपारी मी आणि सविता भोंगा घेऊन गेलो. आत्याच्या दारात, घराच्या दक्षिण अंगाला लिंब आहे, त्याला टांगला. शेळ्या अंगणात मोकळ्या होत्या. वारा नव्हता. मी पेन ड्राइव्ह लावला. फांदी लवत होती म्हणून भोंग्याला धरूनच उभा राहिलो.

"वाढलंय गंऽऽ... पाव्हणेऽऽ..."

शेळ्यांनी भोंग्याकडे पाहिलं, मग आत्याकडे, पुन्हा भोंग्याकडे. एक आवाज दोन जागी कसा, असं त्यांच्या तोंडावर होतं. सविताला हसू आलं. मग माझी ती शांतता सुरू झाली.

आणि त्या शांततेत उत्तर आलं.

लांबून. वर चढत गेलं, आणि मध्येच, त्याच ठिकाणी, फाटलं.

भोंग्याचा पत्रा माझ्या तळहाताखाली थरथरला. आवाज भोंग्यातून येत होता, यात माझी चूक होणं शक्य नाही, माझा हात त्यावर होता. पण शेळ्यांनी, एकूण एक शेळीनं, मान वळवली ती भोंग्याकडे नाही. माझ्याकडे पाठ करून सगळ्या उत्तरेला, माळाकडे बघायला लागल्या. कान ताठ, रवंथ बंद. लिंब एकीकडे, माळ दुसरीकडे. सविताचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं होतं. ती हळूच म्हणाली, अहो, हे तुम्ही घातलंय का त्यात?

मी नाही म्हणून मान हलवली. आत्या मात्र उंबऱ्यावर शांत बसली होती. पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "म्हंजी ऐकती हाय."

मी तसाच माळावर पळालो. दगडापाशी कुणी नव्हतं. ओघळीत कुणी नव्हतं. करडू जसं ठेवलं होतं तसं. दुसऱ्या दिवशी गेलो, तरी तसंच. कावळ्यानं चोच लावलेली नाही, मुंगी लागलेली नाही... आणि मुंग्या तिथे आहेत, हे मी माझ्या अंगानं सांगू शकतो. ती मोकाट कुत्री लांब अंतरावर गोल धरून बसली होती. माझ्यावर भुंकली नाहीत, पुढे आली नाहीत. कुणाच्या तरी आधी जेवायचं नाही, असं कुणी बजावल्यासारखी. आणखी दोन दिवस वाट पाहून शेवटी आत्यानंच त्यावर दगड रचले.

मला ठाऊक आहे, खाली कुणीतरी विचारणार. म्हणून आधीच सांगतो. फाइल कॉम्प्युटरवर उघडून पाहिली. रेघ सपाट आहे, कितीही मोठी करून बघा, आत काही नाही. तीच फाइल हेडफोन लावून ऐकली की हाकेनंतर उत्तर येतं. सविताला येतं, आत्याला येतं, मला येतं. समोर दुसरा मोबाईल धरून ते रेकॉर्ड केलं, तर त्यात हाक आली, पुढे नुसतं रिकामं. नगरच्या एका ओळखीच्या रेकॉर्डिंगवाल्याला फाइल पाठवली. त्याला काहीच ऐकू आलं नाही. उलट, काळजी घे म्हणाला. पोपटनानांनाही ऐकवली. त्यांना ऐकू आलं नाही, पण त्यांचा उजवा कान माझ्याच डीजेनं गेलेला आहे, त्यामुळे ते मत धरत नाही. माळावर दुसरा लांडगा असेल आणि नेमक्या वेळी तो ओरडला असेल, हे मीही स्वतःला सांगून पाहिलं. मग हेडफोनमध्ये काय आहे? आणि तो सूर फाटतो त्याचं काय?

आत्याचं म्हणणं, पाव्हणीनं जवाब दिला म्हणजे ती रागावलेली नाही. असेलही. आत्याला टॉवरचंही पक्कं माहीत असतं. माझ्या जिवाला तेवढ्यानं स्वस्थता मिळत नाही, कारण मी अजून काही ऐकलंय जे तिला सांगितलेलं नाही.

लांबचा आवाज आणि जवळचा आवाज यातला फरक ओळखणं हे माझं काम आहे. लांबून येणाऱ्या आवाजाची धार वाटेत झिजते, जवळ येईल तशी ती परत येते. पहिल्यांदा लिंबाखाली ऐकलं ते उत्तर ओघळीच्या पलीकडचं होतं. दुकानात हेडफोनमधलं अलीकडचं. नगरला पाठवायच्या आधी एकदा ऐकलं, ते पाटाच्या दगडाजवळचं. शेवटचं जे ऐकलं, ते रस्त्याच्या कडेचं होतं, आणि त्यात श्वाससुद्धा ऐकू आला.

त्यानंतर मी ती फाइल वाजवलेली नाही. पेन ड्राइव्ह दुकानात देवाच्या फोटोमागे ठेवलाय. सविताला वाटतं मी घाबरलो. भीती वाटतेच, नाही कसं म्हणू... पण न वाजवण्याचं कारण ते नाही. आता वाजवली तर ती दारात येईल, आणि माझ्याकडे अजून काही वाढलेलं नाही.